लोण्याचा वास येणारी बिअर

दम्मामला आल्यावर पहिलं वर्षभर मी घरात बसून होते. नवऱ्याला तेलाच्या धंद्यातल्या एका कंपनीत नोकरी होती, कंपनीनं शहराच्या कडेला एका कंपाउंडमध्ये घर दिलं होतं, आणि पुण्यात आठ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंच्या प्लेट वाचलेली मी इथे नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, अवलंबून असलेली बायको होते. लॅबमध्ये काम करायला लागणाऱ्या लायसन्सच्या परीक्षेआधी पदवीची कागदपत्रं तपासून यावी लागतात. माझी कुठे अडकली होती ते कोणालाच सांगता येत नव्हतं. रोज सकाळी मी वेबसाइट उघडायची, 'प्रक्रिया सुरू आहे' हे वाक्य वाचायची आणि लॅपटॉप मिटून कुकर लावायची.

कॉलेजात असताना घेतलेला जुना मायक्रोस्कोप मात्र मी साड्यांमध्ये गुंडाळून बरोबर आणला होता. नवरा म्हणाला होता, "याचं तिथे काय करणार?" इथे आल्यापासून मायक्रोस्कोप कपाटावर पडून होता.

आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात चेक प्रजासत्ताकातल्या एक बाई राहायच्या. वय साठीच्या जवळचं, उंच, केस अगदी बारीक कापलेले. एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवायच्या आणि एकट्याच होत्या. आमचं बोलणं म्हणजे कचरा टाकायला गेल्यावर 'आज गरम आहे' एवढंच. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली जॅमची बरणी होती.

"तू जंतूंचं काम करायचीस, असं तुझा नवरा म्हणाला होता. खरं का?"

"करत होते."

"मग यात काय आहे ते बघशील?"

त्यांनी झाकण उघडलं. आत तळाला खिरीसारखा दाट पांढरा गाळ आणि वर तपकिरी पाणी. मी नाक जवळ नेलं. लोणी. कढवायला ठेवलेलं, जरा जुनं झालेलं लोणी.

"यीस्ट आहे," मी म्हणाले, "पण या वासाचं काय?"

"तेच विचारायला आले." मग सरळ म्हणाल्या, "बिअरचं आहे. मी घरी करते. नको असेल तर मी परत घेऊन जाते, तू काही पाहिलं नाहीस."

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. धाक होता असं नाही, तो विषयच नव्हता. आणि या देशात त्या बरणीची किंमत काय हे कंपाउंडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तुरुंग, आणि मग परतीचं विमान. मी नाही म्हणायला हवं होतं. पण वर्षभरात पहिल्यांदाच कोणीतरी मला माझ्या कामाचं काहीतरी विचारलं होतं.

"ठेवून जा," मी म्हणाले.

त्या दुपारी मायक्रोस्कोप खाली उतरवला. आरशाची धूळ पुसली. काचेवर एक थेंब घेतला. मेलेल्या पेशी ओळखायला मेथिलीन ब्लू लागतो, तो इथे शोभेच्या माशांच्या दुकानात माशांचं औषध म्हणून मिळतो. तो आणेपर्यंत नुसतंच पाहिलं. आधी सगळं धूसर होतं. मग स्क्रू हळूहळू फिरवला आणि यीस्ट समोर आलं. लांबट गोल पेशी, काहींच्या अंगाला लहान कोंब फुटलेले. आणि त्यांच्यामधून पेरलेले बारीक ठिपके, दोन-दोन, चार-चारचे गठ्ठे करून बसलेले. ताटात चौकोनात मांडलेल्या लाडवांसारखे.

हे यीस्ट नव्हतं. हे बॅक्टेरिया होते, आपल्या दह्याच्या जातकुळीतले. लोण्याचा वास यांना सहज निर्माण करता येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भिंगातून दाखवलं. त्या बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. "म्हणजे माझ्या घरात पाहुणे शिरलेत."

"किती दिवसांपासून हा गाळ वापरताय?"

"दोन वर्षं. प्रत्येक वेळी खालचा गाळ काढून ठेवते, पुढच्या वेळी तोच घालते."

मी हसले. आपण विरजण असंच ठेवतो. पण विरजणात काही शिरलं की वास येतो आणि बाई ते फेकून शेजारणीकडून नवं आणते. त्यांना इथे शेजारणीकडून आणायची सोय नव्हती.

"यातून एकच चांगली पेशी वेगळी काढता येईल," मी म्हणाले. म्हणून टाकल्यावर लक्षात आलं की मी कामाला लागले आहे.

घरात लॅब नव्हती, स्वयंपाकघर होतं. बटाटे उकडून त्यांचं पाणी गाळलं, त्यात साखर आणि घट्ट व्हायला चायना ग्रास घातलं. काचेच्या लहान वाट्यांत ते ओतलं, झाकणं लावली आणि कुकरमध्ये वीस मिनिटं वाफ दिली. बारीक तारेचं टोक वळवून गोल केलं, गॅसच्या ज्योतीत लाल केलं, गार केलं, गाळात बुडवलं आणि घट्ट झालेल्या बटाट्यावर रेघोट्या ओढल्या. पहिली रेघ दाट, तिच्यातून दुसरी काढायची, दुसरीतून तिसरी. शेवटच्या रेघेपर्यंत पेशी इतक्या विरळ होतात की एकेक सुटी पडते. हाताला सगळं आठवत होतं. मनगट किती हलकं ठेवायचं हेसुद्धा.

चौथ्या दिवशी शेवटच्या रेघेवर साबुदाण्याएवढे मलईच्या रंगाचे गोल उमटले. प्रत्येक गोल म्हणजे एका पेशीची प्रजा. त्यातला एक उचलला, पुन्हा नव्या वाटीत रेघोट्या, पुन्हा चार दिवस. दुसऱ्यांदा भिंगाखाली पाहिलं तेव्हा ठिपके नव्हते. नुसतं यीस्ट. मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं "वा!" म्हणाले.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर, कोल्हापूरकडच्या खेड्यातून. त्या दारात येऊन म्हणाल्या, "काय झालं गं?"

"काही नाही आई. प्रयोग जमला."

"बटाट्याचा?"

"हो, बटाट्याचाच म्हणा."

शेजारच्या बाईंचं दुसरं दुखणं यीस्टपेक्षा मोठं होतं. त्या आतापर्यंत सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या बिनदारूच्या माल्ट पेयात साखर आणि यीस्ट घालून बिअर करायच्या. त्यांना आता खरी लागर करायची होती. लागर म्हणजे थंडीत हळूहळू आंबवलेली आणि मग कित्येक आठवडे बर्फासारख्या गारव्यात ठेवून मुरवलेली बिअर, हे त्यांनी मला समजावलं. त्यांचे वडील त्यांच्या गावच्या ब्रुअरीत तळघरात कामाला होते. चाळीस वर्षं त्यांनी फक्त मुरणारी बिअर सांभाळली. आता नव्वदीला आलेले, एकटे राहणारे.

"शुक्रवारी मी त्यांना फोन करते," बाई म्हणाल्या. "पूर्वी दोन मिनिटांत बोलणं संपायचं. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. एकदा सहज म्हटलं, मी इथे बिअर करून बघतेय. तास झाला तरी ते थांबेनात. तेव्हापासून करतेय. मला स्वतःला खरं तर वाइन आवडते."

आणि वडिलांचं म्हणणं असं की माल्टच्या पेयाची बिअर म्हणजे साखरपाणी. बार्लीला मोड आणल्याशिवाय काही खरं नाही. बाईंनी दोनदा प्रयत्न केला होता. बार्ली भिजवून ठेवली, ती नुसती चिकट झाली आणि तिला वास सुटला.

हे सांगत असताना सासूबाई बाहेर बसून आमचं इंग्रजी ऐकत होत्या. त्यांना फक्त 'बार्ली' कळलं. बाई गेल्यावर म्हणाल्या, "बार्लीचं काय म्हणत होती ती?"

"मोड येत नाहीत."

"दाखव बघू."

मी बाईंच्या बार्लीच्या पाकिटातले चार दाणे आणून दाखवले. त्यांनी एक नखानं दाबला. "पॉलिश केलंय याला. टरफल काढलेल्या धान्याला कुठून मोड येणार? अख्खं आण." आणि मग, "नाचणीचं सत्त्व कसं करतात, बघितलं नाहीस कधी?"

अख्खी बार्ली गुरांच्या चाऱ्याच्या दुकानात मिळाली. इथे शेळ्यामेंढ्यांना तीच घालतात. दुकानदारानं विचारलं, किती जनावरं आहेत? मी म्हणाले, एकच, लहान आहे. दहा किलोचं पोतं सासूबाईंनी ताब्यात घेतलं. निवडलं, दोन दिवस भिजवलं, दर आठ तासांनी पाणी बदललं. मग त्यांच्या जुन्या सुती पातळात पसरून आमच्या मागच्या खोलीत एसीत ठेवलं. रोज दोनदा त्या मांडी घालून बसायच्या आणि दोन्ही हातांनी दाणे खालवर करायच्या.

"आत गरम होतं, बघ. हात घाल. हलवलं नाही तर कुजतं."

मी हात घातला. खरंच कोमट होतं. दाणे श्वास घेत होते, इतके दिवस पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदा हाताला लावून पाहत होते.

पाचव्या दिवशी त्यांनी एक दाणा मधोमध चिरला. टरफलाच्या आतून कोंब दाण्याच्या लांबीएवढा सरकला होता. त्यांनी दाणा चावला. "झालं. गोड लागतंय." मग गच्चीवर चादरी अंथरून दोन दिवस वाळवलं. इथलं हिवाळ्यातलं ऊन कोरडं, सपाट. कोंब तळहातावर चोळले की भुगा होऊन पडायचे.

आणि तिथेच, सुपानं मुळं पाखडताना, त्यांनी विचारलं, "या सत्त्वाचं ती काय करणार? आजारी आहे का कोणी?"

मी आतापर्यंत खोटं बोलले नव्हते, पण खरंही सांगितलं नव्हतं. सुपाचा आवाज चालू होता. मी म्हणाले, "आई, त्याची बिअर करणार आहेत त्या."

सूप थांबलं. "म्हणजे दारू."

"हो."

"आणि मला आत्ता सांगतेस. पातळात मोड आणले मी. देवाच्या खोलीशेजारी."

त्या उठून खाली गेल्या. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला खरंच लाज वाटली. त्यांना न सांगता त्यांचे हात वापरायचा मला काय अधिकार होता? तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले, चुकलं म्हणाले आणि बाईंच्या वडिलांची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी कप घेतला. बाहेर बघत म्हणाल्या, "तिच्या बापाला मोड बघायला मिळाले का?"

"मिळाले. फोटो पाठवला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, जिनं कोणी हे केलंय तिला माझ्याकडे नोकरी."

त्या हसल्या नाहीत, पण चहा संपवला. "पुढे काय करतात ते सांग मग. मी येणार नाही तिकडे. इथेच बसून सांग."

म्हणून पुढचं सगळं मी दोनदा अनुभवलं, एकदा बाईंच्या स्वयंपाकघरात आणि एकदा सासूबाईंना सांगताना. भरडलेले दाणे मोठ्या पातेल्यात कढत पाण्यात तासभर धरून ठेवायचे. हात बुडवला तर भाजेल पण उकळणार नाही इतपत ऊब. सुरुवातीला त्यातला थेंब बशीत घेऊन आयोडीन टाकलं तर निळाकाळा झाला, म्हणजे स्टार्च. वीस मिनिटांनी जांभळट. तासानं आयोडीन पिवळंच राहिलं. मोडांनी स्टार्चची साखर करून टाकली होती. मी कॉलेजात हा प्रयोग परीक्षानळीत केला होता, पण वीस लिटरचं पातेलं डोळ्यांसमोर गोड होताना पाहणं वेगळं. मग ते गाळून कडू फुलांबरोबर उकळायचं. ती हॉपची फुलं बाईंनी सुट्टीहून येताना वनस्पतींचा चहा म्हणून आणलेली होती, आणि गावाकडे लोक त्यांचा झोपेसाठी चहा करतातही.

"म्हणजे सत्त्वाचा काढा," सासूबाई म्हणाल्या. "इथपर्यंत तर काही वाईट नाही."

"इथपर्यंत नाही."

नवऱ्याला मी त्याच आठवड्यात सांगितलं. सांगावंच लागलं, कारण वाटीतलं यीस्ट वाढवायला मी माल्टच्या पेयाच्या बाटल्या उकळून ठेवल्या होत्या आणि त्यातली एक त्यानं फ्रिजमधून काढून तोंडाला लावली. थुंकून म्हणाला, "हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. खुर्चीत बसला. "बिअर तू करत नाहीस, यीस्ट करतेस. बरोबर?"

"बरोबर."

"आणि कोणी दारात आलं तर यीस्ट आणि बिअर यांच्यातला फरक तू त्यांना समजावून सांगणार. अरबीत."

मी फ्रिजचं दार लावलं. तो म्हणाला, "माझा इकामा गेला तर आपण दोघं जाऊ, चालेल. पण तुझं लायसन्स? एवढं वर्ष कशासाठी बसलीयस?"

त्याचं बरोबर होतं. मी त्याच संध्याकाळी सगळ्या बाटल्या आणि वाट्या बाईंच्या घरी नेल्या. आमच्या घरात काही ठेवायचं नाही असं कबूल केलं. तिकडे जाणं थांबवीन असं मात्र म्हटलं नाही आणि त्यानंही तो शब्द मागितला नाही. यात शहाणपण होतं असा माझा दावा नाही. मला पुढे काय होतं ते पाहायचं होतं, एवढंच खरं.

बाईंकडे एक जुना उभा फ्रीझर होता. त्याला तापमान धरून ठेवणारं छोटं यंत्र जोडलेलं. दहा अंशांवर आम्ही काढा ठेवला आणि माझं स्वच्छ यीस्ट त्यात ओतलं. त्याआधी मी त्यांचा जुना प्लॅस्टिकचा पिंप तपासला होता. आतून ओरखडे होते आणि नळीत हिरवट थर. तो पिंप फेकला, नवा आणला. दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी झाकणातल्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या सापळ्यातून एक बुडबुडा आला, मग दुसरा. पाचव्या दिवशी झाकण उचललं तर वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पांढरा फेस, त्यावर तपकिरी कडू राप. आणि भयंकर वास. सडक्या अंड्यांचा.

मला वाटलं, गेलं सगळं. बाईंनी ताबडतोब वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मोठ्या कानांचा, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा दिसला, मागे भिंतीवर घड्याळ. बाई त्यांच्या भाषेत बोलल्या. म्हाताऱ्यानं दोन-तीन वाक्यं सांगितली आणि हात हलवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, छान. लागर आंबताना असाच वास येतो, थंडीत मुरताना जातो. अंड्याचा वास येऊ दे. लोण्याचा येतो का ते बघा."

बघायची त्यांची रीत अशी: दोन ग्लासांत थोडी थोडी बिअर घ्यायची, तोंडं झाकायची, एक ग्लास गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा; लपलेलं लोणी गरमीनं बाहेर येतं. बाराव्या दिवशी, यीस्टचं काम बहुतेक उरकल्यावर, आम्ही ते केलं. साखर मोजायचा काचेचा तरंगता मापक तळाशी जात होता, साखर जवळजवळ संपली होती. गार ग्लासाला अंड्याचा वास. गरम केलेल्या ग्लासाचं झाकण काढलं आणि मी मागेच सरकले.

लोणी.

मला रडू यायचं बाकी होतं. मी पुन्हा काच घेऊन भिंगाखाली पाहिलं, दहा ठिकाणी. एक ठिपका नव्हता. यीस्ट स्वच्छ होतं, पिंप नवा होता. मग लोणी आलं कुठून? "माझं निदान चुकलं," मी बाईंना म्हणाले.

त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी म्हाताऱ्यानं मला पुढे बोलावलं. मुलगी भाषांतर करत होती.

"त्या भिंगवाल्या बाईंना सांग, निदान चुकलं नाही. जंतू होते ते गेले. पण लोण्याची अर्धी कामगिरी यीस्टची स्वतःची असते. ते तरुणपणी लोणी सोडतं आणि म्हातारपणी स्वतःच खातं. पण गार पडलं की खायला आळस करतं. माझी मुलगी घाई करते. बुडबुडे थांबले की लगेच गारठवते. आता फ्रीझर बंद करा, सोळा-सतरा अंशांवर चार दिवस राहू द्या. जेवू द्या त्याला."

आम्ही तसं केलं. चौथ्या दिवशी पुन्हा दोन ग्लास. दोन्हींचा वास घेतला, पुन्हा घेतला, ग्लास बदलून घेतला. लोणी नव्हतं. मी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, त्या बॅग भरत होत्या, व्हिसा संपत आला होता. त्यांनी एक गाठोडं बांधता बांधता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हातारा हुशार आहे. नासलं म्हणून फेकणारे पुष्कळ असतात. थांबायचं कधी ते कळायला वय लागतं." आणि मग, "पण तू पिऊ नकोस हं."

पुढचे सात आठवडे फ्रीझर शून्याला टेकलेला. करण्यासारखं काही नव्हतं. बाई शाळेत जायच्या, मी वेबसाइट उघडायची. दर शुक्रवारी पिंपाच्या तळाच्या नळातून अर्धा कप काढून प्रकाशात धरायचो. आधी चिखलट, मग ताकाच्या निवळीसारखी, मग एका शुक्रवारी इतकी स्वच्छ की कपामागची माझी बोटं दिसली. अंड्याचा वास कधी गेला ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका शुक्रवारी तो होता, पुढच्या शुक्रवारी आम्ही त्याच्याबद्दल बोलायलाच विसरलो.

मग बाटल्या भरल्या. द्राक्षाच्या रसाच्या, तारेच्या झाकणाच्या जाड बाटल्या बाईंनी वर्षभर जमवल्या होत्या. प्रत्येकीत मोजून अर्धा चमचा साखर, आणि माझ्या वाटीतून वाढवलेलं थोडं ताजं यीस्ट, म्हणजे ते बंद बाटलीत साखर खाऊन फसफस तयार करेल. जास्त साखर झाली तर बाटली फुटते, म्हणून मोजायचं काम गणिताच्या बाईंनी मला करू दिलं नाही. अठ्ठावीस बाटल्या कपड्यांच्या कपाटात, चादरीखाली उभ्या राहिल्या. दोन आठवडे तिथे, मग पुन्हा गारव्यात.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी चेहरा घेऊन बाई दारात आल्या असं म्हणावंसं वाटतं, इतका तो त्यांचा नव्हता. वडील अंघोळ करताना पडले होते. खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली होती, पण यापुढे त्यांना एकटं राहता येणार नव्हतं. शाळेनं त्यांना करारातून मोकळं केलं. दहा दिवसांत खुरूज, म्हणजे कायमचं परत जाण्याचा शिक्का.

जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही एक बाटली उघडली. वडिलांना हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. नर्सनं फोन धरला होता. झाकणाची तार सुटली आणि टप्प असा आवाज आला. म्हाताऱ्यानं हात वर करून बाईंना थांबवलं.

"पुन्हा," ते म्हणाले. फोनमधून ऐकू आलं नव्हतं त्यांना.

बाईंनी दुसरी बाटली काढली, फोन झाकणाजवळ धरला आणि उघडली. या वेळी त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग ग्लास तिरका धर, सरळ कर, थांब, अशा सूचना. फेस दोन बोटं उभा राहिला. "वेळ मोज," ते म्हणाले, आणि आम्ही तिघं, खरं तर नर्स धरून चौघं, फेसाकडे बघत बसलो. तो साडेतीन मिनिटं टिकला. ते कुरकुरले की पाच हवी होती.

"भिंगवाल्या बाईंना विचार, वास कसला?"

मी ग्लास नाकाशी नेला. "तव्यावरून काढलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा," मी म्हणाले. "आणि मागे ओलं गवत." बाईंनी भाकरीचं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण म्हातारे एकदम गंभीर झाले. "बरोबर," ते म्हणाले. "पावाची साल. बरोबर."

मग बाईंनी घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. मग वडिलांशी त्यांच्या भाषेत बोलल्या, हळू, आणि मी भाषांतर मागितलं नाही.

मी घोट घेतला का? घेतला. सासूबाई, वाचत असाल तर माफ करा. तीन महिने जिच्या मागे होते तिची चव न घेता मला राहवलं नाही. फार कडू लागली. मला मुळीच आवडली नाही, आणि ते माझ्या तोंडावर इतकं स्पष्ट उमटलं असावं की खाटेवरचा म्हातारा हसायला लागला, हसता हसता खोकला, आणि नर्सनं फोन बंद केला.

उरलेल्या बाटल्या कोणाला तरी देता आल्या असत्या. कंपाउंडमध्ये घेणारे होते. बाई म्हणाल्या, "नाही. मी करते ते माझ्यापुरतं. दुसऱ्याच्या हातात दिलं की पकडलं कोण जाईल ते मला ठरवता येणार नाही." तीन बाटल्या त्यांनी पुढच्या दोन दिवसांत एकटीनं संपवल्या. बाकीच्या तेवीस आम्ही सोमवारी सकाळी सिंकमध्ये ओतल्या. बाई बाटल्या उघडत होत्या, मी उपड्या करत होते. प्रत्येक वेळी टप्प, मग फेस, मग नळाचं पाणी. पहिल्या दोन-तीन ओतताना जीव तुटला. त्यानंतर मी बाटल्यांचे तळ बघायला लागले. प्रत्येकीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर बसलेला होता, काहींत घट्ट चिकटलेला, काहींत पाण्याबरोबर उठून येणारा. एकाच वाटीतून आलेलं यीस्ट, एकाच दिवशी भरलेलं. असा फरक का पडला? मी बाईंना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी एका कागदावर लिहून घेतलं, वडिलांना विचारायला, आणि कागद पासपोर्टमध्ये ठेवला.

माझं लायसन्स त्या उन्हाळ्यात आलं. आता मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, रोज प्लेट वाचते. बाईंचे मेसेज येतात. वडील वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत चालतात. बाटलीच्या तळाचं उत्तर त्यांनी दिलं ते असं: त्यांच्या तळघरातही असंच व्हायचं, चाळीस वर्षं, आणि का ते त्यांना कधी कळलं नाही. मला कळलं तर कळवायला सांगितलंय.